कुरडयांचा प्लॉट

होळी होऊन गेली की माझं नाक आधी जागं होतं. भिजलेल्या गव्हाचा आंबूस वास कुठून येतोय का, ते मी येता-जाता बघत राहते. पंखे फिरायला लागतात, माठ कोनाड्यातून बाहेर येतो, चौकात टरबुजांचे ढीग लागतात, तरी मला उन्हाळा आला असं वाटत नाही. तो वास आला की वाटतं. तसा काही तो चांगला वास नाही. नवीन माणूस नाकाला रुमाल लावील. पण आमच्या गल्लीतल्या बायकांना त्या वासाच्या पुढचं सगळं दिसत असतं. पातेल्यात फदफदणारा चकचकीत चीक, सोऱ्यातून उतरणारी गरम शेव, आणि जुन्या साड्यांवर ओळीनं बसलेल्या ओल्या, पांढऱ्या कुरडया.

यंदा तो वास यायच्या आधी महापौरांचं निवेदन आलं.

सकाळी झाडायला गेले तर फाटकात एक छापील कागद खोचलेला होता. मला बारीक अक्षर वाचायला वेळ लागतो, म्हणून तो मी डब्याखाली ठेवला. तोवर तेच सगळं माझ्या सुनेच्या, पल्लवीच्या फोनवर येऊन पडलं होतं. पल्लवी चिकलठाण्याला ऑफिसात जाते. निघायच्या गडबडीत चहा पीत पीत तिनं मला वाचून दाखवलं. नव्या पाइपलाइनचं काम कुठवर आलं, पाणी आता जास्त वेळा कसं येणार, कुठले रस्ते सिमेंटचे झाले, पोरांसाठी अभ्यासिका, बायकांसाठी शिवणाचे वर्ग. ऐकायला बरं वाटत होतं. आपल्या शहराची कुणीतरी अशी घरातल्यासारखी खबर सांगतंय, हे मला आवडलं. मग शेवटी शेवटी ती म्हणाली, "आई, हे ऐका. आपल्या गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या प्लॉटवर बाग होणार. चालायला ट्रॅक, व्यायामाची मशिनं, सावली देणारी झाडं."

"सावली देणारी म्हंजे किती झाडं?" मी विचारलं.

"भरपूर असतील की."

"सगळ्या प्लॉटवर?"

पल्लवीनं कप खाली ठेवला. "आई, तुम्हाला झाडं नकोत का?"

झाडं नकोत असं कोण म्हणेल? ती रविवारच्या सभेचं सांगत होती. महापौर स्वतः प्लॉटवर येणार होते, लोकांचं म्हणणं ऐकून घेणार होते. ती गेली, आणि मी त्या कागदाकडं बघत बसले. त्यावर बागेचं रंगीत चित्र होतं. सगळीकडं हिरवं. उन्हाचा एक ठिपका कुठं नव्हता.

आम्ही खुलताबादकडचे. शेत तिकडंच, अजूनही गहू तिकडूनच येतो. ह्यांना इथं नोकरी लागली आणि आम्ही पुंडलिकनगरात घर बांधलं, तेव्हा तो प्लॉट म्हणजे गाजरगवत आणि वेडी बाभळ होती. नकाशात म्हणे ती जागा सगळ्यांसाठी सोडलेली. सगळ्यांची म्हणून तिच्याकडं कुणी बघत नव्हतं. बायकांनीच ती बघितली. एका मार्गशीर्षात आम्ही विळे घेऊन गेलो आणि गवत काढलं, खडे वेचले, शेण-मातीनं एक तुकडा सारवून घेतला. त्या जागेची एक गोष्ट मोठी होती. दक्षिणेला रस्ता, पलीकडं नाला, त्यामुळं कुठल्या घराची सावली तिच्यावर पडत नव्हती. सूर्य उगवला की तिथं यायचा आणि मावळेपर्यंत तिथंच बसून असायचा.

आमच्या शहरात वार दोन तऱ्हेचे. एक कॅलेंडरातले आणि दुसरे नळाचे. पाहुण्यांना बोलवायचं, गोधड्या धुवायच्या, पोरांना न्हाऊ घालायचं, सगळं नळाचा वार बघून. हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. माझी जाऊ गावाकडून फोन करून विचारायची, "येऊ का गं शुक्रवारी?" आणि मी म्हणायची, "शनिवारी ये, शनिवारी नळ हाय." तिला वाटायचं, मी तिला टाळते.

कुरडयांचं तर सगळंच पाण्यावर. गहू तीन दिवस भिजतो. रोज त्याचं पाणी बदलावं लागतं, नाहीतर तो आंबायचा थांबतो आणि कुजायला लागतो. पण ते पाणी थोडं. खरं पाणी लागतं ते गहू वाटून चीक पिळायच्या दिवशी. म्हणून आमच्या गल्लीत बायका नळाच्या वारापासून उलटं मागं मोजायच्या आणि गहू अशा बेतानं भिजवायच्या की वाटायचा दिवस बरोबर नळाच्या दिवशी यावा. सगळ्यांचा नळ एकच, म्हणून सगळ्यांचा गहू एकाच संध्याकाळी भिजायचा. रस्त्यानं जाताना घराघरातून घागरी-पातेल्यांवर झाकणं ठेवल्याचा आवाज यायचा.

मला आठवतो तो एक उन्हाळा. माझ्या नणंदेचं, मंगलचं लग्न ठरलं होतं. रुखवतात कुरडया आपल्या घरच्याच पाहिजेत, असं आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, बजावलं होतं. खुलताबादहून निवडक गहू आणला होता. नेहमीच्या बेतानं सगळ्या गल्लीनं गहू भिजवला. तीन दिवस पाणी बदललं. नळाच्या दिवशी सकाळी आम्ही हंडे, बादल्या, ड्रम नळाखाली मांडून ठेवले आणि नळातून नुसती हवा आली. फुस्स करून आली आणि गेली. दुपारी कळलं, मोठी पाइपलाइन फुटली आहे, पाणी कधी येईल ते सांगता येत नाही. टँकरवाला गल्लीच्या तोंडाशी थांबून म्हणाला, "खाला, आज नंबर नहीं लगने का. कल देखो," आणि निघून गेला.

वरून ऊन असं होतं की बादल्यांतला गहू बघता बघता बुडबुडे धरायला लागला. वास बदलला. आंबूस वास आणि नासका वास यांत जेवढं अंतर असतं, तेवढाच वेळ आमच्या हातात होता.

आमच्या समोर रत्नाबाई राहते. तेव्हाही तीच राहायची. तिचा नवरा चिकलठाण्याच्या कारखान्यात होता. तिच्या पुढच्या खोलीत बाबासाहेबांचा मोठा फोटो, आणि त्याच्याखाली शिलाई मशीन. गल्लीत एकट्या तिच्या अंगणात बोअर होता. तोही काय, थोडं पाणी द्यायचा आणि मग म्हाताऱ्यासारखा खोकायचा. उन्हाळ्यात तिचं तिलाच पुरायचं नाही. त्या दिवशी ती भर उन्हात प्लॉटवर जाऊन उभी राहिली आणि तिथून ओरडली, "बायांनो, माझा बोअर एका घाण्यापुरतं पाणी देईल. घरोघरी वाटत बसाल तर कुणाचंच व्हायचं नाय. आपापला गहू घेऊन या हितं. एकच घाणा घालू. सगळ्यांचा मिळून."

मग ती एकेकीच्या दारात आली. आमच्या दारात आली तेव्हा आत्याबाई उंबऱ्यातच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आपल्या गव्हात कुणाचाबी गहू मिसळायचा नाय."

'कुणाचाबी' म्हणजे कुणाचा, ते त्यांनी सांगितलं नाही. मला कळलं. रत्नाबाईलाही कळलं. तिच्या घरी आत्याबाई कधी पाणी प्यायल्या नव्हत्या, आणि हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ती चिडली नाही. पदरानं घाम पुसत म्हणाली, "काकू, मग गटारीत वता. गटारीला काय नसतंय, ती कुणाचाबी गहू घेती."

आत्याबाईंनी तोंड फिरवलं. मला कधी बोलता आलंच नाही, आणि त्या घरात माझं बोलणं कुणी मागतही नव्हतं. मी आत गेले. बादलीतला गहू वर येऊन फुगला होता. रुखवताचा गहू. मी बादली उचलली, आत्याबाईंच्या अंगावरून उंबरा ओलांडला आणि प्लॉटकडं चालू लागले. मागं वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर बादली खाली ठेवली असती.

प्लॉटवर चूल मांडली होती. गल्लीतला सगळा गहू एका मोठ्या टोपात आला. कुणाचा शेतातला, कुणाचा बाजारातला, कुणाचा रेशनचा. रंग वेगवेगळे होते, दाणे लहान-मोठे होते. वाटून पिळला तेव्हा दूध एकाच रंगाचं निघालं. आम्ही कोपरापर्यंत हात बुडवून चोथा पिळत होतो आणि हसत होतो, कारण कुणाला तरी भीती वाटली होती की आता वाटणी कशी करायची. रत्नाबाई म्हणाली, "जिच्या घरी लगीन, तिला आधी. बाकीच्यांनी तोंडाकडं बघायचं."

रात्रभर चीक खाली बसू दिला, सकाळी वरचं पाणी काढलं आणि शिजवायला घेतला तेव्हा मात्र सगळ्यांची बोबडी वळली. एवढा मोठा घाणा कुणीच कधी शिजवला नव्हता. रत्नाबाई लाकडी दांडा फिरवत होती, चीक एका बाजूनं घट्ट व्हायला लागला होता. आणि मागून आवाज आला, "सर तिकडं. गुठळ्या करायलीस."

आत्याबाई होत्या. त्यांनी रत्नाबाईच्या हातातून दांडा घेतला, पदर खोचला आणि चुलीपुढं उभ्या राहिल्या. रत्नाबाई माझ्याकडं बघून डोळा मिचकावत म्हणाली, "या काकू. तुमचीच वाट बघत होतो. आमच्या आयांनी कुठं शिकवलंय आम्हाला."

"ते दिसायलंच," आत्याबाई म्हणाल्या. "जाळ वढ मागं."

चीक शिजला, तुकतुकीत झाला. तसा तो शिजला की आधी खायला द्यायचा असतो. गरम चिकात दूध आणि गूळ. पोरं वाट्या घेऊन गोळा झाली. सगळ्यांना वाढून झाल्यावर रत्नाबाईनं एक वाटी भरली आणि आत्याबाईंपुढं धरली. आत्याबाईंनी दांडा टेकवून ठेवला, हात पदराला पुसले आणि वाटी घेतली. उभ्या उभ्याच खाल्ली.

मंगलच्या रुखवतात त्या कुरडया मांडल्या होत्या. नवऱ्याकडच्या बायका हात लावून बघत होत्या, कशा जाळीदार, कशा पांढऱ्या. एकीनं विचारलं, "कुणी घातल्या हो?" मला वाटलं, आत्याबाई म्हणतील, मी घातल्या. त्या म्हणाल्या, "आमच्या गल्लीनं."

तेव्हापासून दर उन्हाळ्यात गल्लीचा घाणा एकच. पुढच्या वर्षी पाइपलाइन फुटली नाही, पाणी वेळेवर आलं, तरीही गहू प्लॉटवरच गेला. कुणी ठरवलं नव्हतं. सकाळपासून साड्या अंथरायच्या, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, सोऱ्या दाबून दाबून हाताला फोड यायचा, आणि मग कावळे हाकायला पाळीनं बसायचं, डोक्यावर ओला टॉवेल टाकून. त्या बसण्यात काय काय बोलणी झाली. कुणाच्या पोरीला पाहायला आले, कुणाच्या नवऱ्यानं काय म्हटलं, कुणाला दिवस गेले. मी ऐकत असायची. ऊन पाठीवर घेत ऐकत बसणं, यासारखं सुख मला दुसरं माहीत नाही.

आता आत्याबाई नाहीत. बरीच घरं पाडून तिथं उंच बिल्डिंगी झाल्या. त्यांतल्या बायका मला ओळखत नाहीत, मीही त्यांना नावानं ओळखत नाही. दुकानात तयार कुरडया मिळतात, चांगल्या असतात. तरी आम्ही जुन्या चार घरच्या अजून घालतो. हंड्यांचे दिवस परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही. माझी कंबर त्यात गेली. नळाला रोज पाणी येणार म्हणतात तर माझ्या सुनेला तरी ते सुख मिळू दे. पण कधी कधी मनात येतं, पाणी नव्हतं म्हणून आम्ही एका टोपाशी आलो. आता पाणी येईल, आणि प्लॉटवर सावली येईल. मग आम्हाला एकत्र कोण बोलावील? हा विचार मला आवडत नाही. आला की मी उठून काहीतरी काम काढते.

या वेळी तो विचार घेऊन मी रत्नाबाईकडं गेले. तिचे गुडघे गेलेत. ती आता कॉटवर बसून सगळ्या गल्लीवर नजर ठेवते. मी कागद तिच्यापुढं ठेवला. तिनं चष्मा लावून चित्र बघितलं.

"चांगली करायलेत की बाग," ती म्हणाली. "अन् आपण वाळवण कुठं घालायचं? झाडाच्या शेंड्यावर?"

"तेच म्हणते मी."

"माझ्यापशी म्हणून काय होणार? सभेत म्हण."

"मी? तुम्ही बोला. नेहमी तुम्हीच बोलता."

"मला गुडघ्यानं उठवत नाय. मी उठून उभी राहूस्तोर सभा संपंल."

"मला नाय जमायचं, रत्नाबाई."

"तुझा आवाज तुझ्या माठालाबी ऐकू जात नाय, माहीतंय मला." तिनं कागद माझ्या हातात परत दिला. "पण तिथं माईक असतोय."

त्या दिवशी बादली उचलून भागलं होतं. माईकचं तसं नव्हतं. त्यात बोलावंच लागतं.

रविवारी संध्याकाळी प्लॉटवर मांडव पडला. खुर्च्या भरल्या. पल्लवीनं रत्नाबाईला हात धरून आणून पुढच्या रांगेत बसवलं. महापौर बोलले ते मला आवडलं. उगाच आवाज चढवला नाही. काय झालं, काय राहिलं, ते सरळ सांगितलं. मग लोकांना विचारलं. कुणी भटक्या कुत्र्यांचं बोललं, कुणी दिव्यांचं. एक गृहस्थ म्हणाले, झाडं अजून वाढवा, उन्हानं जीव जातो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. टाळ्या वाजवताना मनात म्हटलं, झालं, आता काय बोलायचं.

रत्नाबाईनं सांगून ठेवलं असणार, पल्लवीनं हात वर केला. माईक आला तो तिनं माझ्या हातात दिला आणि स्वतः बाजूला झाली. मी उठले.

"बाग करा साहेब," मी म्हणाले. माझाच आवाज चारी बाजूंनी माझ्या अंगावर आला. "चांगली गोष्ट हाय. पण एका कोपऱ्यात झाड नका लावू."

"कशासाठी, मावशी?"

"ऊन पाहिजे."

सगळा मांडव हसला. महापौरही हसले. म्हणाले, "मावशी, आपल्या गावात उन्हाला काय तोटा?"

लोक पुन्हा हसले. मी बसणारच होते. खुर्चीला हातही लागला होता. पण समोर रत्नाबाई होती. ती हसत नव्हती, मागं वळूनही बघत नव्हती. तिची मान ताठ होती, बुजऱ्या पोरीच्या परीक्षेला आईनं बाहेर बसावं तशी.

"ऊन लई हाय," मी म्हणाले. "पण ज्याची गच्ची त्याचं ते ऊन. इथं आमी सगळ्या मिळून कुरडया घालतो. गहू सगळ्यांचा एकत्र असतो. आपापल्या गच्चीवर गेलो तर आपापल्या कुरडया होतील. वाळतील तशाबी. पण एवढ्या वर्षांनी आमी परत आपापल्या घरात जाऊ. बागेत सावलीत बसायला आमीबी येऊ. फक्त एक कोपरा उन्हाचा ठेवा."

आता हसू थांबलं होतं. महापौरांनी शेजारच्या साहेबांना काहीतरी विचारलं, त्यांनी नकाशा उलगडला. मग महापौर म्हणाले, "मावशी, करतोच असं आत्ता म्हणत नाही. नकाशा झालेला आहे. पण बघतो." करतोच म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला नसता. 'बघतो'वर थोडा ठेवला.

सभा मोडली तेव्हा बिल्डिंगीतली एक तरुण बाई माझ्याजवळ आली. कडेवर लेकरू होतं. म्हणाली, "काकू, मी तिसऱ्या मजल्यावर राहते. माझं माहेर परभणीकडं. मला चीक काढता येतो, पण एकटीसाठी कोण करतंय? मला घ्याल का तुमच्यात?"

मी काय सांगणार? जागा राहते की नाही तेच माहीत नव्हतं. "घेऊ की," मी म्हणाले.

नंतरचे दिवस वाट बघण्यात गेले. खुलताबादहून गहू आला, तो निवडून ठेवला, पण भिजवला नाही. रत्नाबाई खिडकीतून रोज विचारायची, "काय गं, आली का फक्की टाकून आखणारी माणसं?" मी मान हलवायची. काही वेळा वाटायचं, आपण उगाच बोललो, लोकांच्या हसण्याचं कारण झालो. काही वेळा भाजी चिरता चिरता तेच वाक्य पुन्हा नीट जुळवत बसायची, अजून चांगलं कसं बोलता आलं असतं म्हणून.

आज सकाळी माणसं आली. मी बाजाराची पिशवी घेऊनच तिकडं वळले. सगळ्या प्लॉटवर पांढऱ्या फक्कीच्या रेघा पडल्या होत्या. एक लांब वळणाची रेघ चालायच्या ट्रॅकची. आत चौकोन, मशिनांचे. आणि जिकडं तिकडं गोल, झाडांच्या खड्ड्यांचे. मी गोल टाळत टाळत दक्षिणेच्या कोपऱ्यापर्यंत गेले. तिथं एक चौकोन आखलेला होता आणि त्याच्यात काही नव्हतं. जवळपास गोलही नव्हता. ऊन सरळ त्याच्यात उतरलं होतं.

एक माणूस वाकून दोरी गुंडाळत होता. मी विचारलं, "दादा, इथं काय येणार?"

"इथं काय नाय, मावशी. नुसती फरशी बसवून मोकळं सोडा म्हणलेत."

मी पिशवी खाली ठेवली आणि चौकोनाच्या कडेनं चालून बघितलं. मनातल्या मनात साड्या अंथरल्या. दोन मावत होत्या. तिसरी अंथरली की तिचा काठ ट्रॅकवर जात होता. चार घरच्या आम्ही, आणि आता तिसऱ्या मजल्यावरची ती, आणि तिच्या मागून अजून कुणी.

त्या माणसानं दोरी खांद्यावर टाकली. "का हो, बरोबर नाय का?"

"बरोबर हाय," मी म्हणाले. "जरा लहान हाय."

"ते आपल्या हातात नाय. साहेबांना सांगावं लागंल परत."

"सांगते," मी म्हणाले.